आधी गादी बघा

(वेंगुर्ल्यात पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्र्यावर पाऊस कोसळतोय, तेव्हा मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या, नाहीतर आवाजावरचं व्याख्यान ऐकूच आलं नाही अशी तक्रार कराल. मी ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. माझं रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावताराचं रेकॉर्डिंग करतो. हेडफोन माझ्या डोक्यावर या दोन कामांमुळे आला.

दुकानात हल्ली एकच प्रश्न येतो. "काका, दहा-बारा हजारांत कान झाकणारा चांगला हेडफोन सांगा." विचारणाऱ्याच्या मोबाइलवर आकडे तयार असतात. याचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, 50 मिलिमीटरचा, त्याचा 40 चाच. हा 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ वाजतो. अरे, तसं बहुतेक खोक्यांवर छापलेलं असतं. कोणता स्वर किती जोरात वाजतो ते त्यात कुठे आहे? सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासून स्टुडिओंत वापरात आहे, आणि त्याचा ड्रायव्हर 40 मिलिमीटरचाच. मी म्हणतो, आकडे राहू देत, आधी गादी बघ. इअरपॅडला आम्ही दुकानात गादीच म्हणतो.

का, ते दाखवतो. हा बंद पाठीचा हेडफोन, म्हणजे वाट्या बाहेरून बंद. तू ये रे पुढे, घाल. आता पखवाज लावतो. डाव्या बाजूची धूम येतेय ना अंगावर? आता गादी आणि तुझी कानशिलं यांच्यात ही पेन्सिल सरकवतो. ...बघा त्याचा चेहरा. धूम गेली, नुसती टकटक उरली. हेडफोन बदलला नाही, गाणं बदललं नाही. खालचे स्वर ऐकू यायला ड्रायव्हरच्या पडद्याने दाबलेली हवा गादीच्या आत कोंडलेली राहावी लागते. फट पडली की ती हवा निसटते आणि तिच्याबरोबर खर्ज निसटतो. चष्म्याची काडी म्हणजे हीच पेन्सिल. म्हणून चष्मेवाल्यांनी हेडफोन चष्मा लावूनच पारखावा. जाड काडी असेल तर मऊ, खोल गादी घ्यावी. सोन्याच्या कुड्या, मोठी कर्णफुलं घालणाऱ्यांनाही हेच लागू.

आता आपल्याकडची खरी गोम. मागच्या वर्षी एक मुलगा दुकानात आला. हेडफोन मुंबईच्या मामाने दिलेला, चांगला महागातला. दोन वर्षं कपाटात खोक्यात जपून ठेवलेला, दिवाळीत पहिल्यांदा घातला. काढला तेव्हा गालावर, कानांमागे काळे पापुद्रे. आईला वाटलं, पोराला त्वचेचा काही रोग झाला! गादीवर बोट फिरवलं तर कातडं कुरडईच्या कोंड्यासारखं गळत होतं. पोरगा रडकुंडीला आलेला: "पण मी वापरलाच नव्हता." वापरायची गरजच नसते. हे नकली कातडं म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा लेप. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या तोडत राहतो. त्यात घाम आणि उकाडा पडला की काम लवकर उरकतं. कोरड्या गावात जे पाच वर्षं टिकेल, ते किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत सुटू शकतं. त्या हेडफोनच्या गाद्या चिकटवलेल्या होत्या आणि तशा सुट्या बाजारात मिळत नव्हत्या. आत ड्रायव्हर ठणठणीत, बाहेर गादी नाही, म्हणजे वस्तू अडगळीत.

म्हणून माझा पहिला नियम: विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का ते शोधा. नाही मिळत, तर सोडा. दुसरा नियम वायरचा. आपली खारी हवा वायरीत शिरते, आतलं तांबं काळंहिरवं पडतं, आणि असल्या तारेला सोल्डर धरत नाही. शिवाय हेडफोनच्या बारीक तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो आधी खरवडावा किंवा जाळावा लागतो. मी करून देतो, पण तुम्ही मला इतके पैसे का द्यावेत? वायर काढता-घालता येणारी असेल तर नवी लावा आणि मोकळे व्हा.

या दोन चाळण्यांतून मधल्या किमतीतले फार थोडे खाली उतरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स माझ्या पसंतीत पहिला: बंद पाठीचा, 35 ओम (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), वायर फिरवून काढता येते, गाद्या मिळतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो जरा वरच्या किमतीचा. त्याची वायर पक्की बसवलेली, म्हणजे माझ्याच नियमात बसत नाही, पण त्याच्या 80 आणि 250 ओमवाल्यांची गादी मखमलीची, तिला पापुद्रे सुटायचे नाहीत; 32 वाल्याची मात्र नकली कातड्याची. मला मखमल आवडते. चष्म्याभोवतीही ती बरी बसते. धूळ आणि घाम मात्र धरते, अधूनमधून धुवा.

पण डीटी 770 घेताना खोक्यावरचा ओम वाचा. तो 32, 80 आणि 250 ओमचा येतो. मोबाइलचा डोंगल, म्हणजे हेडफोनची पिन मोबाइलला जोडणारा तो छोटा तुकडा, साधारण एक व्होल्ट देतो असं धरा. 32 ओममध्ये त्या एका व्होल्टाचे सुमारे 31 मिलिवॅट होतात, 250 ओममध्ये फक्त 4. लोक स्वस्त मिळाला म्हणून 250 चा घेतात आणि मग "आवाज दबका आहे" म्हणत दुकानात येतात. आवाज दबका नाही, मोबाइल तोकडा पडतोय. वेगळा अँप्लिफायर घ्यायचा नसेल तर 32 किंवा 80.

उघड्या पाठीचा हेडफोन ही वेगळी मजा. 1968 मध्ये सेनहायझरने एचडी 414 काढला, कानावर टेकणारा, पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा, पाठ उघडी. आज त्याच घरातला एचडी 560एस घातला की गायक डोक्याच्या आत नाही, खोलीत बसलाय असं वाटतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचं ते भरलेलं गुंजन, ऐकावी ती त्यावर. पण तुमच्याकडे शांत खोली हवी. जून ते सप्टेंबर आपल्या पत्र्याखाली तुम्हाला तानपुरा कमी आणि पाऊस जास्त ऐकू येईल, आणि शेजारी बसलेल्याला तुमचा तानपुरा. दुसरा हेडफोन म्हणून घ्या, पहिला म्हणून नको.

(श्रोत्यांतून प्रश्न: "काका, नॉईज कॅन्सलिंग घेतलो तर ह्यो पावसाचो आवाज जातलो काय?")

अर्धो जातलो! ही यंत्रणा बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याची उलटी लाट सोडते. सलग, खालच्या पट्टीचा आवाज ती छान गिळते. तुतारी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर जी घरघर चालते, ती जवळजवळ मिटते. जनरेटर, पंखा, तेच. पत्र्यावरची थडथड वरच्या पट्टीची, तुटक. ती उलट्या लाटेला सापडत नाही, तिला अडवते ती घट्ट बसलेली गादी. म्हणजे पुन्हा गादीच. प्रवास फार असेल तर कॅन्सलिंगचा ब्लूटूथ जरूर घ्या, कारण गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो आणि तो कानाला बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास असं आहे. 90 डेसिबलला तेच 4 तास. एवढंच ध्यानात ठेवा, की त्यातली बॅटरी कधीतरी मरणार, आणि डबिंग-एडिटिंग करणाऱ्यांना ओठ आणि शब्द यांच्यातला उशीर छळणार. वायरीला दोन्ही दुखणी नाहीत.

पारखायचं कशावर? दुकानदार जे धडामधूम लावतो त्यावर नको. ते कशावरही चांगलंच वाजतं. पुढच्या जत्रेत मोबाइलवर दहा मिनिटं दशावतार टिपून ठेवा. रंगपटाजवळून नव्हे, समोर बसून, जिथे तुम्ही ते कानांनी ऐकलंय तिथूनच. मग त्यात तीन गोष्टी शोधा. झांज: कानात सुईसारखी टोचतेय की तिची झणझण हळूहळू विरतेय? पेटी: राजाच्या पदात ती आवाजाच्या मागे आहे की आवाजाला गिळतेय? आणि संकासुराचं, म्हणजे दशावतारातल्या त्या विनोदी असुराचं, बोलणं. त्याचा एकेक शब्द लागला पाहिजे. तिथे शब्द घोगरे झाले तर मधले स्वर दबलेत, मग खर्ज कितीही घुमो, मी तो हेडफोन परत देतो. मोबाइलचा माइक साधाच, मान्य. पण साध्या रेकॉर्डिंगवरही दोन हेडफोनांतला फरक कळतो.

आता ठेवण्याचं सांगतो आणि बसतो. वापरल्यावर गादी कोरड्या फडक्याने पुसा, तासभर उघड्यावर ठेवा, मगच डब्यात. घामट हेडफोन लगेच पिशवीत कोंबलात तर श्रावणात त्यावर बुरशी येईल. डब्याचं झाकण घट्ट हवं, आत सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या. नव्या बुटांतून, औषधांच्या डब्यांतून निघतात त्या फेकू नका. नवा हेडफोन डोकं आवळत असेल तर तो ज्या खोक्यात आला त्यालाच दोन रात्री घालून ठेवा, सैल पडतो.

टेबलावर तीन ठेवलेत. चष्मेवाल्यांनी आधी यायचं, आणि पेन्सिल कोणी तरी खिशात घातलीय, ती परत द्या.