टारफुला आणि चवळीची मुळे

ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी दिसणारी ही पांढऱ्या फुलांची नाजूक वनस्पती म्हणजे टारफुला. ती डोके वर काढते तोवर तिने ज्वारीच्या मुळांतून बराच रस शोषलेला असतो. म्हणून खुरपणी केली तरी त्या हंगामाचे पीक फारसे सावरत नाही. एका झाडापासून हजारो बिया पडतात. धुळीच्या कणाएवढे हे बी मातीत दहा वर्षांहून अधिक काळ टिकू शकते आणि जवळच्या मुळाचा रासायनिक संकेत मिळेपर्यंत रुजत नाही.

हा संकेत म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातील संयुगे. स्फुरद कमी पडला, की मुळे ती स्रवतात. मायकोरायझा या उपकारक बुरशीला घातलेली ती साद असते, हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, तेही एका द्विदल वनस्पतीच्या मुळांवर काम करताना. हीच साद टारफुल्याचे बीही ओळखते.

चवळी, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांतूनही बी रुजवणारी संयुगे पाझरतात. बी फसून रुजते, परंतु ज्वारीवरच्या टारफुल्याला या मुळांवर पोसता येत नाही, आणि बियांतील अन्नसाठा इतका तुटपुंजा असतो, की कोंब काही दिवसांतच मरतो. पुढे त्याच रानात ज्वारी पेरली, तर मातीत दबा धरून बसलेले बी तेवढे घटलेले असते. फेरपालटाचे श्रेय आपण मुळांवरच्या गाठींतील नत्राला देतो, ते रास्तच आहे. पण टारफुल्याच्या पट्ट्यात हे दुसरे कामही तितकेच मोलाचे मानायला हवे.

पश्चिम केनियात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चारापीक खोडकिड्याला दूर ठेवण्यासाठी लावले जात होते. तेथे टारफुल्याची जांभळ्या फुलांची आफ्रिकी भावंडेही हटू लागल्याचे लक्षात आले. नैरोबीची इसिपे संस्था आणि इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधकांना आढळले, की डेस्मोडियमची मुळे काही संयुगांनी बी रुजवतात आणि इतर संयुगांनी त्याच कोंबाची वाढ रोखतात. पीक बहुवर्षायू असल्याने दोन हंगामांच्या मधल्या काळातही हे चालू राहते.

मात्र चवळीच्या सर्व वाणांची मुळे बी सारख्याच प्रमाणात रुजवत नाहीत, आणि वर्षानुवर्षे जमलेला बियांचा साठा एका हंगामात संपत नाही; त्यामुळे टारफुला मुरलेल्या शेतात द्विदल पिके अनेक हंगाम घ्यावी लागतात आणि मधल्या काळात ज्वारीत उगवलेली टारफुल्याची झाडे बी धरण्यापूर्वीच उपटावी लागतात.