एका शलगमाला एक शिलिंग: 'बॉयकॉट' शब्दाची गोष्ट

(दृश्य: सरोवर, काठावरचं दगडी घर, ढगाळ आभाळ)

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटी आहे. तिथल्या लॉक मास्क सरोवराच्या काठी 1880 साली चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट नावाचा इंग्रज गृहस्थ राहत होता. जन्म नॉरफोकचा, उमेदीची काही वर्षं फौजेत गेलेली, त्यामुळे सगळे त्याला कॅप्टन म्हणत. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि ज्याचा खंड थकला त्याला जमिनीवरून हुसकावायचं, हे त्याचं काम. शिवाय तो स्वतःही शेती करायचा. ही शेतीच पुढे त्याला नडली.

1879चा हंगाम पावसानं धुऊन नेला होता. बटाट्याचं पीक हातचं गेलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या महादुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली होती, आणि ते डोळ्यांनी पाहिलेले लोक अजून हयात होते. त्याच वर्षी मायकेल डेव्हिट यांनी लँड लीग ही कुळांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी केली. अध्यक्ष झाले चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल.

19 सप्टेंबर 1880. एनिस गावात सभा भरली होती. पार्नेलनी लोकांना विचारलं, शेजाऱ्याला हुसकावून लावलेली जमीन जो कुणी घेईल, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, "गोळी घाला!" पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. तो रस्त्यात दिसला की तोंड फिरवा. दुकानात, बाजारात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याला एकटा पाडा.

तीनच दिवसांनी लॉक मास्कला ठिणगी पडली. कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली होती, लॉर्ड अर्न 10 टक्क्यांवर अडून बसला होता. जमीन सोडण्याच्या नोटिसा बजावायला माणूस आला, सोबत पोलीस. दोन-तीन घरं झाली असतील-नसतील, तोवर गावातल्या बायका बाहेर पडल्या आणि त्यांनी चिखल आणि शेण फेकून त्या सगळ्यांना पळवून लावलं. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला आणि गडीमाणसं काम सोडून निघून गेली.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पान)

ऑक्टोबरात बॉयकॉटनं लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. ते वाचताना एक घर हळूहळू कसं बंद पडत जातं ते कळतं. लोहाराला धमकीचं पत्र आलंय, काम केलंस तर जीव जाईल. कपडे धुणारीला सांगितलंय, याचे कपडे घ्यायचे नाहीत. जवळच्या बॅलिनरोब गावातल्या दुकानदारांना ताकीद आहे, माल द्यायचा नाही. टपालाची थैली नेणारा बारा वर्षांचा पोरगा, त्यालाही मारलं. हे शेवटचं मला खुपतं. पार्नेलनी सांगितलेला मार्ग अहिंसेचा होता, पण गावात तो राबवताना धाक होता, दमदाटी होती. ती बाजू झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही.

शेतात पीक उभं. काढायला माणूस नाही. मग उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनाघन भागांतून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे इंग्रजी राजवटीशी एकनिष्ठ असलेले प्रोटेस्टंट स्वयंसेवक, मदतीला आले. त्यांच्या रक्षणाला सरकारनं हजाराच्या घरात सैनिक आणि पोलीस धाडले. नोव्हेंबरातला पाऊस, त्यात क्लेअरमॉरिस स्टेशनवर एकही गाडीवाला त्यांना गाडीत घेईना. भिजत, चिखल तुडवत सगळे पायीच निघाले. दोन आठवडे बंदुकांच्या पहाऱ्यात बटाटे आणि शलगम काढले गेले. पीक पाचशे पौंडांच्या आसपासचं, खर्चाचा अंदाज दहा हजार पौंडांचा. पार्नेलनी हिशोब मांडला: बॉयकॉटच्या रानातून निघालेल्या एकेका शलगमाला एक शिलिंग पडला.

काम संपलं आणि बॉयकॉटनं ते घर सोडलं. त्याची गाडी हाकायला कुणी मिळेना, म्हणून कुटुंब लष्कराच्या रुग्णवाहिकेतून निघालं. डब्लिनच्या ज्या हॉटेलात उतरला, त्या हॉटेलालाही धमकी आली. 1 डिसेंबरला तो बोटीनं इंग्लंडला गेला. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या प्रवासात त्यानं आडनावच गाळून टाकलं. नोंद केली, चार्ल्स कनिंगहॅम.

कारण तोवर ते आडनाव त्याचं एकट्याचं राहिलंच नव्हतं. जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकारानं लिहून ठेवलंय, की तिथले पाद्री जॉन ओमॅली यांच्याकडे तो जेवायला बसला होता. या प्रकाराला नाव काय द्यायचं ते त्याला सुचेना. इंग्रजीत एक जडजंबाल ग्रीक शब्द होता, पण शेतकऱ्यांना तो कळणार नाही, असं ओमॅलींचं म्हणणं पडलं. त्यांनी कपाळावर बोटं आपटली आणि म्हणाले, "बॉयकॉट करणं म्हटलं तर?" काही आठवड्यांत शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत रुळला. मग फ्रेंच, जर्मन, रशियन. जपानीतसुद्धा 'बोइकोत्तो'.

(दृश्य: जुनं पुणं, केसरीवाडा)

आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा वाळीत टाकणं आणि ग्रामण्य, म्हणजे जातीनं घातलेला बहिष्कार, लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळकांसह अनेकांवर ग्रामण्याचा बडगा आला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पंधरा वर्षांनी, 7 ऑगस्ट 1905ला, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला आणि टिळकांनी 'केसरी'तून तो महाराष्ट्रात पेटवला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण: ही चतुःसूत्री शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलीय.

पण त्याच काळात बहिष्काराचा दुसरा अर्थ गावोगाव माणसं भोगत होती. मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, आणि 3 एप्रिलला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. लॉक मास्कला कुळांकडे रोखून धरायला फक्त स्वतःचे कष्ट होते. इथं जमीन, दुकान, पाणवठा सगळं ज्यांच्या हाती, तेच हक्क मागणाऱ्यांची मजुरी आणि वाणसामान बंद करत होते. दोन्हीकडे दुकानाचं दार बंदच होतं. माझ्या लेखी ते कोण कुणासाठी बंद करतंय, यावर सगळा न्याय अन्याय ठरतो.

मुंबई सरकारनं 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते. त्या समितीनं सामाजिक बहिष्कार हे दलितांना दडपण्याचं सर्वांत परिणामकारक हत्यार म्हणून नोंदवलं. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. मसुद्याला आधार घेतला ब्रह्मदेशातल्या 1922च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा.

महाराष्ट्रात जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा 2016 साली विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै 2017 पासून अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला वाळीत टाकलंय तो स्वतः किंवा त्याच्या घरातलं कुणीही पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं.