लंज पाहायचा तर मागून

तलवारबाजीचा सामना बघताना आपली नजर कुठे असते? पात्याच्या टोकावर, नाहीतर पुढे झेपावलेल्या पायावर. आज लंजमध्ये, म्हणजे हात लांब करून पुढच्या पायाने झेप घेत केलेल्या हल्ल्यात, जरा मागच्या पायाकडे बघू.

आधी पवित्रा. पुढचं पाऊल समोरच्याकडे, मागचं त्याला काटकोनात, दोन्ही गुडघे वाकलेले. गुडघा वाकलेला नसेल तर सरळ करायला काही उरतच नाही, आणि फार खोल बसलात तर उठण्यातच वेळ जातो. प्रत्येकाची खोली वेगळी. ती आरशात नाही, मांडीत कळते.

हात आधी जातो. हात हलका, धड जड. धडाला वेग येईपर्यंत हात लांब होऊन गेलेला असतो. तलवारींच्या तीन प्रकारांपैकी फॉइल आणि सेबरमध्ये याला नियमाचीही साथ आहे: स्पर्श दाखवणारे दोघांचे दिवे लागले तर ज्याचं आक्रमण, त्याचा गुण. तिसऱ्या प्रकारात, एपीमध्ये, तसं प्राधान्य नाही. तिथे दोन स्पर्शांत 40 ते 50 मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तरच दोघांना गुण. समजा टोक सेकंदाला 3 मीटर वेगाने येतंय. 40 मिलिसेकंदांत ते 12 सेंटिमीटर जाईल, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. तेवढ्यावर गुण जातो!

मग पुढच्या पायाची बोटं उचलली जातात, पाय सुटतो. इथे गंमत आहे. पुढचा आधार आपणच काढून घेतला, त्यामुळे शरीर पुढे पडू लागतं. या पडण्याला मागचा पाय दिशा देतो. नितंब, गुडघा, घोटा सरळ होत जमीन मागे रेटतात आणि जमीन आपल्याला पुढे रेटते. व्यायामशाळेतला लंज खाली-वर असतो. तो करून आलेली मुलं इथे उडी मारतात. डोकं वर गेलं, की तेवढा जोर वाया गेला.

कोल्हापूरकडचा दांडपट्टा पाहिलेल्यांना हे सरळ रेषेचं वेड विचित्र वाटेल. पट्टा फिरतो, पाय गोल घेतात. इथे मात्र पिस्त, म्हणजे सामन्याची पट्टी, 14 मीटर लांब आणि जेमतेम दीड ते दोन मीटर रुंद. गोल फिरायला जागाच नाही.

आता उतरणं. आधी टाच, मग पाऊल. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो, तोच ब्रेक. वर्षानुवर्षं एकाच पायावर हे झालं, की ती मांडी दुसरीपेक्षा भरते. तिचं कौतुक नको. दुसऱ्या पायालाही व्यायाम द्या. गुडघा पावलाच्या रेषेत हवा, आत कोसळायला नको.

त्याच वेळी मागचा तळवा जमिनीला चिकटलेला हवा. तो आतल्या कडेवर लोळला, की पकड जाते, घोट्याच्या आतल्या बाजूवर आणि जांघेवर ताण येतो. पालक गुडघ्याची तक्रार घेऊन येतात, जांघेचं कुणी बोलत नाही. मुलंही लाजतात. विचारा त्यांना.

आणि परतणं? पुढची टाच जमीन रेटते, मागचा गुडघा वाकून शरीर ओढून घेतो. स्पर्श हुकला तर समोरचा प्रतिहल्ला करणारच, तेव्हा लांब लंज मारून तिथेच अडकलेला खेळाडू आयता सापडतो.

चला, बूट घाला आणि पिस्तवर या. पहिले दहा लंज मी तुमच्या मागे उभा राहून बघणार आहे.