विचार पडद्यावर घडताना: तरुण विचारवंतांवर पटकथा लिहिणाऱ्यांसाठी

(ठाण्यातल्या चित्रपटप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण लघुपट करताहेत, पटकथा लिहिताहेत. म्हणून दिग्दर्शक राऊल पेक यांचा ‘द यंग कार्ल मार्क्स’ हा २०१७ चा चित्रपट आतून कसा बांधलाय, एवढ्यावरच आज बोलतो. लांबी ११८ मिनिटं, काळ साधारण १८४२-४३ ते १८४८. म्हणजे मार्क्स पंचविशीच्या आगेमागे आणि त्याचा पुढचा मित्र व सहलेखक एंगल्स त्याच्याहून अडीच वर्षांनी लहान. पुतळ्यातली पांढरी दाढी इथे नाही. वर्तमानपत्र बंद पडलंय आणि घरभाड्याची चिंता आहे, असा हा तरुण आहे.

अशा चित्रपटाची मूळ अडचण अशी, की विचार करणारा माणूस बसून असतो. टेबल, दिवा, दौत आणि तो. यात बघण्यासारखं काही नाही. मग लेखक घाबरतो आणि पुस्तकातली वाक्यं पार्श्वभूमीला वाचून दाखवतो. त्यातून प्रेक्षकापर्यंत वाक्य पोचतं, पण विचार पोचत नाही. त्यामुळे पटकथेतल्या प्रत्येक महत्त्वाच्या विचारासमोर तीन गोष्टी लिहून काढा: त्याला विरोध कोण करतंय, तो छापून बाहेर कसा पडणार, आणि त्या आठवड्यात घरात पैसे किती आहेत. तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो प्रसंग अजून लिहिण्याजोगा झालेला नाही.

सुरुवातीचंच दृश्य घ्या. जंगलात गरीब माणसं वाळक्या फांद्या वेचताहेत आणि घोडेस्वार त्यांच्यावर तुटून पडतात. १८४२ च्या शरद ऋतूत मार्क्सनं ‘राइनिशे त्साइटुंग’ या कोलोनच्या वर्तमानपत्रात लाकूडचोरीच्या कायद्यावर लेखमाला लिहिली होती, तिथून हे आलंय. पडलेली काटकी उचलणं ही चोरी ठरते कशी, हा त्याचा प्रश्न. आर्थिक हितसंबंधांचा विचार करणं आपल्याला पहिल्यांदा भाग पडलं ते या काळात, असं त्यानं पुढे १८५९ मध्ये स्वतः लिहिलंय. म्हणजे दृश्य मनोरंजक म्हणून निवडलेलं नाही, विचाराचा उगम म्हणून निवडलंय. आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागत नाही. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाईच्या डोक्यावरची मोळी आपण पाहिलेली असते. तुमच्या नायकाच्या आयुष्यातली अशी मोळी शोधा. तो मोठा कसा झाला हे नंतर. त्याला पहिल्यांदा कशाचा राग आला, ते आधी.

आता टेबलावरचं काम. एक मोठा कागद घ्या आणि महिन्यांप्रमाणे तक्ता करा: तारीख, गाव, त्या दिवशीचं वय, पैशांची स्थिती, आणि कोण कुणाला अजून भेटलेलं नाही. शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मार्क्स आणि एंगल्स पहिल्यांदा भेटले ते नोव्हेंबर १८४२ मध्ये, कोलोनला, वर्तमानपत्राच्या कचेरीत. भेट अगदी थंड झाली, कारण एंगल्स बर्लिनच्या ज्या मंडळींसोबत वावरत होता त्यांच्यावर मार्क्सचा विश्वास नव्हता. खरी मैत्री जमली ती ऑगस्ट १८४४ च्या अखेरीस, पॅरिसला, आणि मग दहा दिवस गप्पा संपेनात. मधल्या काळात काय घडलं? एंगल्सनं मँचेस्टरहून अर्थशास्त्रावर लिहिलेला निबंध मार्क्सनं छापला होता. माणूस तोच, मध्ये फक्त एक छापील लेख आला. दोन भेटी एकत्र केल्या तर सात-आठ मिनिटं वाचतात, पण कागदामुळे मन बदललं हे दाखवायची संधी जाते. मी तरी दोन्ही भेटी ठेवीन, पहिली दीड मिनिटाची.

पैशांचा रकानाही असाच उपयोगी. जून १८४७ मध्ये लंडनला ‘कम्युनिस्ट लीग’ या कामगार संघटनेची परिषद भरली, एंगल्स गेला आणि मार्क्स पैशांअभावी जाऊ शकला नाही. ‘नायक गैरहजर’ हा प्रसंग लिहायला कठीण वाटतो, पण तो किती बोलका आहे बघा.

वादाच्या दृश्यांवर मात्र थांबायला हवं, कारण सगळा जीव तिथे आहे. ३० मार्च १८४६, ब्रसेल्स. समोर विल्हेल्म वाइटलिंग, व्यवसायानं शिंपी, मार्क्सपेक्षा दहा वर्षांनी मोठा, कामगारांमध्ये नाव असलेला. त्या बैठकीला हजर असलेल्या आन्नेन्कोव्ह या रशियन लेखकानं लिहून ठेवलंय, की मार्क्सनं टेबलावर मूठ आपटली आणि अज्ञानानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही असं तो ओरडला. इथे लेखक हमखास घसरतो. नायक बरोबर आहे हे इतिहासानं ठरवलंय असं धरून तो समोरच्याला बावळट करतो, आणि दृश्य मरतं. वाइटलिंगकडे खरे कामगार होते, तुरुंगवास होता, त्याग होता. ते त्याच्या तोंडी पूर्ण जोरानं यायला हवं. फ्रेंच समाजवादी विचारवंत प्रूदाँ याचंही तसंच. मे १८४६ च्या पत्रात त्यानं मार्क्सला बजावलं, की जुन्या धर्ममताविरुद्ध लढता लढता आपणच नव्या असहिष्णुतेचे पुढारी होऊ नये. सबंध चित्रपटातलं सर्वांत टोकदार वाक्य विरोधकाकडे असलं तर बिघडत नाही. उलट, त्याला उत्तर देताना नायकाला घाम फुटतो तेव्हाच प्रेक्षक सोबत विचार करू लागतो.

संघटनेसाठी लिहिलेल्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या लेखनात तर पटकथेला हवं ते सगळं तयार आहे. एंगल्सनं आधी पंचवीस प्रश्नोत्तरांचा मसुदा केला. नोव्हेंबर १८४७ मध्ये त्यानंच मार्क्सला कळवलं, की प्रश्नोत्तरं सोडून देऊ आणि याला जाहीरनामा म्हणू. मग मार्क्स रखडला. जानेवारीच्या अखेरीस लंडनहून तंबी आली: १ फेब्रुवारीपर्यंत मजकूर पोचला नाही तर कारवाई होईल. छापून आली तेवीस पानांची पुस्तिका, आणि त्याच महिन्यात पॅरिसला क्रांती झाली. मसुद्याचं एकच पान आज शिल्लक आहे आणि त्याच्या वरच्या दोन ओळी मार्क्सची बायको जेनी हिच्या अक्षरात आहेत. जेनीला दाराशी चहा घेऊन उभी करणाऱ्या लेखकानं हे पान समोर ठेवावं. ती त्या टेबलाशी बसलेली होती.

एंगल्सची जोडीदार मेरी बर्न्स हिच्याबद्दलची कागदपत्रं फार तुटपुंजी आहेत. चित्रपटात ती गिरणीत काम करते. अभ्यासकांमध्ये त्यावर एकमत नाही. अशा ठिकाणी कल्पना चालते, मात्र तिच्यामुळे तारीख किंवा सिद्ध झालेली घटना हलता कामा नये.

दोन चुका फार वारंवार दिसतात. एक, पात्रं एकमेकांची ओळख पूर्ण नावानिशी आणि कर्तृत्वासह करून देतात. दुसरी, पात्रांना भविष्य ठाऊक असतं. आपल्याला तर एक खास मोह होईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि त्याच वर्षी मार्क्सनं न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये हिंदुस्थानातल्या रेल्वेवर लिहिलं. ठाणेकर म्हणून ते दाखवावंसं वाटणारच. पण कथा १८४८ ला संपते. शेवटी विसाव्या शतकातली दृश्यं जोडून पेक यांनी काळ पुढे ओढलाय, तेही मला अनावश्यक वाटतं.

हेच सगळं मराठीत करायचं तर विषय हाताशी आहे: आगरकर आणि टिळक. दोघेही जुलै १८५६ चे. आधी १८८० ची पुण्यातली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा, मग १८८१ चे ‘केसरी’ आणि ‘मराठा’. मार्च १८८२ मध्ये या कामातले सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले, आणि चार महिन्यांनी कोल्हापूर प्रकरणात तिथले कारभारी बर्वे यांच्या बदनामीबद्दल दोघांना मुंबईतल्या डोंगरीचा तुरुंग. १७ जुलै ते २६ ऑक्टोबर, १०१ दिवस. टिळकांना सव्विसावं वर्ष तिथेच पूर्ण झालं. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहून ठेवलंय, म्हणजे आधार पक्का.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. तुरुंगाला चाळीस पानं द्या. दोन नट, एक खोली, आणि राजकीय सुधारणा आधी की सामाजिक हा वाद. पेक यांची माणसं जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशी बोलता बोलता भाषा बदलतात. आपलीही माणसं मराठीतून इंग्रजीत, मध्येच संस्कृत श्लोकात जातील, ती जाऊ द्या. छापखाना एकदाच, पण नीट दाखवा: खिळे जुळवणारे हात, ओली प्रुफं, शाईचे डाग. खर्च तिथे होईल, तो होऊ द्या. आणि शेवट सुटकेवर करू नका. १८८७ ला आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडतात, ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघतो. तुरुंगातल्या रात्रींमध्ये पेरलेला मतभेद त्या पहिल्या अंकात उगवतो, म्हणून चित्रपट तिथवर न्यावाच लागेल. लिहायला मात्र डोंगरीच्या खोलीपासून बसा. ती चाळीस पानं उभी राहिली नाहीत, तर बाकीची लिहून उपयोग नाही.