लक्षात ठेवणाऱ्या प्रेक्षकाची तक्रार

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वाईट चित्रपट आणि उतरणीला लागलेल्या मालिका’ असा जाहीर झाला आहे. पण या दोन गोष्टींची नावे एका दमात घेणे मला पटत नाही. वाईट चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. बाहेर पडताना आपण चडफडतो, दोन दिवस त्याची टिंगल करतो आणि महिन्याभरात त्यातल्या नायकाचे नावही आठवेनासे होते. बिघडलेल्या मालिकेबद्दल मात्र माणसे दहा-दहा वर्षांनंतरही तावातावाने बोलतात, आणि तेही बहुधा अशी माणसे, ज्यांचे त्या मालिकेवर एके काळी मनापासून प्रेम होते. या दुसऱ्या निराशेचे स्वरूप काय, ती रास्त आहे का, आणि ती पुन्हा पुन्हा का वाट्याला येते, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

तरी चित्रपटांचा हिशेब आधी थोडक्यात चुकता करतो. थिओडोर स्टर्जन या अमेरिकी विज्ञानकथाकाराला 1950 च्या दशकात वारंवार ऐकावे लागे की विज्ञानकथांपैकी बहुतेक टाकाऊ असतात. त्याने ते मान्य केले आणि पुढे जोडले की नव्वद टक्के विज्ञानकथा टाकाऊ आहेत हे खरे, पण कोणत्याही गोष्टीतला नव्वद टक्के भाग टाकाऊच असतो. चित्रपटांना हे तंतोतंत लागू पडते. त्यातही जे निव्वळ अडाणीपणाने वाईट होतात, त्यांच्यावर कुणी फार काळ रागावत नाही. 2003 साली आलेला ‘द रूम’ इतका बेंगरूळ आहे की त्याचे मध्यरात्रीचे खेळ वर्षानुवर्षे चालले आणि प्रेक्षक त्यातले संवाद पात्रांच्या आधी म्हणू लागले. संताप येतो तो हिशेबाने वाईट झालेल्या चित्रपटांचा, म्हणजे ज्यांची प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, पैसा ओतलेला असतो आणि फक्त गोष्ट ठरायची बाकी असते. 1992 च्या ‘एलियन 3’ चे चित्रीकरण पटकथा पूर्ण नसतानाच सुरू झाले होते. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांचा तो पहिला चित्रपट, आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यात पहिल्या काही मिनिटांतच आधीच्या चित्रपटात जिवावर उदार होऊन वाचवलेली मुलगी मेलेली दाखवली जाते. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, कारण मालिकांचा रोगही मुळात हाच आहे.

मालिका आणि प्रेक्षक यांच्यात एक न बोललेला करार असतो. मालिका सांगते की तुम्ही लक्षात ठेवा, मी त्याचे चीज करीन. एक दृश्य कल्पून पाहू. मालिकेच्या आरंभीच्या एका भागात थोरली बहीण वडिलांनी लिहिलेले पत्र वाचते, पावलांची चाहूल लागताच ते टेबलाच्या खणात सरकवते आणि आत आलेल्या भावाला, “काही नाही, जुनी बिले पाहत होते,” असे सांगते. कॅमेरा तिच्या हातावर क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. पार्श्वसंगीत नाही, कुणाचे स्वगत नाही. वीस भागांनंतर त्याच खणात भाऊ कात्री शोधू लागतो, आणि घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांचा श्वास अडकतो. पडद्यावर तेव्हा काहीही घडलेले नसते. जे घडते ते प्रेक्षकाच्या स्मरणात घडते. मालिकेइतका अवधी दुसऱ्या कोणत्याही दृश्यकलेला मिळत नाही, आणि म्हणून हा आनंद ती जितक्या दूरवरून आणू शकते तितका चित्रपटाला आणता येत नाही.

आता हीच मालिका चौथ्या वर्षात पाहा. खण उघडतो, त्याबरोबर ढोल वाजतात, एकच दचकलेला चेहरा तीन कोनांतून तीनदा दिसतो, पडदा काळा-पांढरा होऊन जुने दृश्य अख्खे पुन्हा दाखवले जाते, आणि तेवढ्यानेही समाधान न होऊन ती बहीण मोठ्याने म्हणते, “हेच ते बाबांचे पत्र, जे मी तुझ्यापासून लपवले होते!” इथे मालिकेने गृहीत धरले आहे की आपल्याला काही आठवत नाही. ही पहिली पायरी. सहाव्या वर्षी असे उघड होते की ते पत्र वडिलांचे नव्हतेच, किंबहुना वडीलही ते नव्हेत, आणि बहिणीने सहा वर्षे ज्या अपराधाचे ओझे वाहिले त्याला काही आधारच नव्हता. ही दुसरी पायरी. पहिलीवर मालिका आपल्या स्मरणशक्तीचा अपमान करते, आणि दुसरीवर आपण लक्षात ठेवले म्हणून आपल्यालाच दंड करते. ज्याने काहीच लक्षात ठेवले नाही, त्याला सहाव्या वर्षीचा धक्का मजेदारच वाटेल.

मालिकेची उतरण ओळखायची ती इथे. अभिनय बेतास बात झाला, नेपथ्य स्वस्त झाले, तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. कथेने स्वतःचाच भूतकाळ रद्द करायला सुरुवात केली की तो सांभाळून घेत नाही, आणि घेऊही नये.

आपल्याकडच्या नाट्यविचाराला ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूचे घटक सांगताना आरंभी बीज येते, जे थोडेसेच टाकले जाते आणि नाना अंगांनी पसरत फळापर्यंत जाते. पुढे बिंदू येतो. त्याचे काम असे की मधल्या प्रसंगांमुळे मुख्य प्रयोजनाचा धागा तुटल्यासारखा झाला, तर तो पुन्हा जोडून द्यायचा. आणि शेवटच्या संधीला, म्हणजे कथानकाच्या अखेरच्या टप्प्याला, निर्वहणाला, बीजापासून विखुरलेले सगळे अर्थ एका ठिकाणी आणायचे असतात. कथानक फाटे फोडते, रेंगाळते, उपकथानकात शिरते, हे त्या शास्त्राला मान्य आहे. पताका आणि प्रकरी ही उपकथानकांसाठीच तर आहेत. परत येण्याची जबाबदारी मात्र त्याने नाटककारावर टाकलेली आहे. आजच्या पुष्कळ मालिकांत पताका एवढ्या फडकतात की बिंदूला जागाच उरत नाही. (निर्वहणाची वेळ तर बऱ्याचदा वाहिनीच्या वेळापत्रकात अचानक फट पडल्यावर येते, आणि त्याला आपण ‘मालिका गुंडाळली’ म्हणतो.)

भूतकाळ रद्द करण्याचा सर्वांत उघडा नमुना अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेचा आहे. बॉबी युइंग हे पात्र मरण पावले आणि त्याच्याशिवाय एक पूर्ण हंगाम पार पडला. प्रेक्षकसंख्या घटू लागली, तेव्हा त्या अभिनेत्याला परत आणायचे ठरले. 1986 मध्ये तो न्हाणीघरात हसत उभा दिसला, आणि पुढच्या हंगामाच्या आरंभी खुलासा झाला की मधला सगळा हंगाम म्हणजे त्याच्या पूर्वीच्या पत्नीला पडलेले स्वप्न होते. त्या हंगामात लोकांनी जे पाहिले, ज्यावर वाद घातले, ज्यासाठी डोळे पुसले, ते एका सकाळी घडलेच नव्हते असे ठरले. मालिका त्यानंतरही 1991 पर्यंत चालली. तसेच ‘हॅपी डेज’चे. 1977 मध्ये तिच्यातला लोकप्रिय फॉन्झी कातडी जाकीट घालून पाण्यावरच्या स्कीवरून शार्कच्या पिंजऱ्यावरून उडी मारतो. या प्रसंगावरून ‘शार्कवरून उडी’ ही मालिकेच्या घसरणीची खूणच ठरली. पण ती मालिका पुढे 1984 पर्यंत तग धरून होती. मालिका बंद पडणे आणि मालिका संपणे यांच्या तारखा जुळतातच असे नाही, आणि टीआरपीचा आकडा या दोहोंपैकी पहिलीच तारीख सांगतो.

हे होते कसे? लेखक आळशी किंवा निर्बुद्ध असतात, हा खुलासा मला पुरेसा वाटत नाही. लेखकाला शेवट ठाऊक नसतो, किंबहुना तो ठाऊक असण्याची त्याला परवानगीच नसते. अमेरिकी नेटवर्कवर एका हंगामात बावीसच्या आसपास भाग करण्याची प्रथा दीर्घकाळ होती, आणि पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकण्यासाठी शंभर भागांचा टप्पा सोन्याचा मानला जाई. म्हणजे गोष्ट साठ भागांची असली तरी व्यवहार शंभराचा. आपल्या दैनंदिन मालिकांची गत याहून बिकट. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आठवड्याचा आकडा आला की चाललेला ट्रॅक आवरता घ्यायचा की त्यात आणखी पाणी घालायचे ते ठरते. एखादा अभिनेता मालिका सोडतो आणि अपघात होऊन पात्राचा चेहरा बदलतो. ते न जमल्यास काही वर्षांचा लीप घेतला जातो आणि कालपर्यंत रांगणारे मूल आज महाविद्यालयातून घरी येते. या परिस्थितीत बीज पेरायचे कुणी आणि ते कुणाच्या हाताने उगवेल या भरवशावर? ज्याला उद्याच्या भागाचीही खात्री नाही, तो खणात पत्र ठेवणार नाही. ठेवलेच तर त्यात काय लिहिले आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नसेल.

उलट उदाहरणही आहे. ‘लॉस्ट’ 2004 मध्ये सुरू झाली आणि तिसऱ्या हंगामात ती जागच्या जागी फिरू लागल्याची तक्रार सर्रास होऊ लागली. तिच्या कर्त्यांनी वाहिनीकडे शेवटाची तारीख मागितली, आणि 2007 च्या मे महिन्यात जाहीर झाले की मालिका 2010 मध्ये संपेल. लोकप्रिय मालिकेचा शेवट तीन वर्षे आधी ठरवून घेणे तेव्हा अगदी अपवादात्मक होते. त्यानंतरच्या भागांत कथेला पुन्हा दिशा आली, असे माझे मत आहे. तिच्या अंतिम भागावर रसिकांत अजून दोन तट आहेत, आणि मी नाराजांच्या तटात आहे. पण त्या नाराजीतही कुणीतरी काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला याची जाणीव आहे. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या कर्त्यांनी तर 1975 आणि 1979 मध्ये सहा-सहा असे अवघे बारा भाग केले आणि तिथेच हात आवरला.

यावर कुणी म्हणेल, मग लांबी हाच दोष, मालिका छोट्या करा म्हणजे झाले. तसे म्हणता येत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची शेवटची पडझड लांबीने नव्हे, घाईने झाली. मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला, पुढचा आलाच नाही, आणि मालिका कादंबऱ्यांना ओलांडून पुढे गेली. वाहिनीची आणखी भागांना तयारी असतानाही कर्त्यांनी 2019 चा अखेरचा हंगाम सहा भागांत उरकला. ज्या मालिकेत एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला पात्रांना अर्धा हंगाम लागे आणि त्या प्रवासात ती बदलत, तिच्यात अखेरीस माणसांची मने दोन भागांत फिरू लागली. तो हंगाम नव्याने करावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. मागणी भाबडी होती, आणि थोडी उद्धटही; प्रेक्षक हा मालक नव्हे. पण सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांना तो शेवट अप्रिय होता म्हणून राग नव्हता. तोच शेवट पायरीपायरीने आला असता तर चालला असता, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला योग्य वाटते.

प्रेक्षकाच्या वाट्याचे बोलणे मी टाळणार नाही. मालिका बिघडली हे कळल्यावरही आपण ती पाहतच राहतो. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाचे हंगामी तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना, ध्यानीमनी नसताना, सवलत देण्यात आली. नाटके तीच, आसने तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दाम मोजलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. गेलेला खर्च वसूल करण्याची ही ओढ मालिकेच्या बाबतीत वर्षांची असते, आणि वर्षे सोडून देणे पैसे सोडून देण्यापेक्षाही जड जाते. त्यात आता आपण मोबाइल चाळत चाळत पाहतो आणि कथा निसटली तर कुरकुर करत नाही. ढोल, तीनदा दिसणारा चेहरा आणि मोठ्याने केलेला खुलासा हे सगळे त्या अर्धवट पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी योजलेले असते, आणि तो प्रेक्षक अनेकदा आपणच असतो.

शेवटी एका प्रश्नाला हात घालून थांबतो. बिघडलेला शेवट आधीचा आनंदही नासवतो का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान एक प्रसंग सांगत असत. एक माणूस ध्वनिमुद्रित सिंफनी तल्लीन होऊन ऐकत होता. अखेरीस तबकडी कर्कश वाजली आणि तो म्हणाला की सगळा अनुभवच मातीत गेला. कानेमान यांचे म्हणणे असे की अनुभव मातीत गेलेला नव्हता, तो तर घेऊन झाला होता. बिघडली ती त्याची आठवण. संगीताबद्दल मला हे मान्य आहे, आणि ज्यातला प्रत्येक भाग आपल्या आपण पूर्ण असतो अशा विनोदी मालिकेबद्दलही. ‘हॅपी डेज’चे आरंभीचे भाग शार्कच्या उडीने कणभरही उणे होत नाहीत. पण रहस्यावर, वचनावर, खणातल्या पत्रावर उभ्या असलेल्या मालिकेत आरंभीचा आनंद हाच मुळी उधारीचा असतो. त्या बहिणीचा हात खणाकडे जाताना आज पुन्हा पाहिला, तर ते पत्र कुणाचेच नाही हे आपल्याला आता ठाऊक असते, आणि दृश्य कितीही उत्तम घेतलेले असले तरी आपण त्यातला कॅमेरा पाहू लागतो. म्हणून अशा एखाद्या मालिकेविषयी तरुण मित्र विचारतात की पहिले तीन हंगाम पाहून थांबलो तर चालेल का, तेव्हा मी त्यांना खुशाल थांबा म्हणून सांगतो, आणि पुढे काय होते ते त्यांनी विचारले तर सांगत नाही.