तुरुंगाबाहेरची शिक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

न्यायालयाने तुरुंगात न धाडता प्रोबेशनवर, म्हणजे अटी घालून देखरेखीखाली सोडलं, की घरचे म्हणतात, "चला, सुटलास एकदाचा!" ज्याला सोडलंय त्याला मात्र पहिल्याच आठवड्यात कळून चुकतं, की सुटका अजून दूर आहे.

ठरल्या दिवशी देखरेख करणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे हजेरी. व्यसनाचा प्रश्न असेल तर गटाची बैठक, लघवीची तपासणी. कुणाला समाजसेवेचे तास नेमून दिलेले. शिवाय नोकरी टिकवायची, कारण पुष्कळदा तीही एक अटच असते! आणि या सगळ्याच्या वेळा नेमक्या कामाच्या वेळेत येतात. कुठे जातो ते मालकाला सांगावं, तर नोकरी जायची धास्ती. न सांगावं, तर खाडे दिसतात. बैठक चुकवली, तर अटभंग. नवा गुन्हा केलेला नसतो, तरी माणूस पुन्हा न्यायाधीशापुढे उभा.

अमेरिकेत जोन पीटर्सिलिया आणि सुझन टर्नर या संशोधकांनी प्रोबेशनच्या कडक देखरेखीचे कार्यक्रम तपासले. त्यांचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. देखरेख वाढवून नवे गुन्हे काही घटले नाहीत, अटभंग मात्र जास्त सापडले. मला यात नवल वाटत नाही. देखरेखीला उपचारांची जोड होती तिथे मात्र चित्र बरं होतं.

खरं तर या पद्धतीची सुरुवात पाळतीतून झालीच नव्हती. 1841 मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाच्या एका चर्मकाराने एका दारुड्याचा जामीन भरला. तीन आठवड्यांनी तो माणूस इतका सावरून परत आला, की न्यायाधीशांनी जेमतेम एक सेंट दंड केला. ऑगस्टस कुणाचा पगारी नोकर नव्हता. त्याने त्या माणसाची हमी घेतली होती. आजही प्रोबेशनवरची माणसं बोलायला लागली, की अटींच्या यादीपेक्षा अधिकाऱ्याबद्दलच जास्त बोलतात: ऐकून घेतो, की नुसती सही घेऊन वाटेला लावतो?

समाजसेवेच्या शिक्षेचंही तसंच. स्कॉटलंडमध्ये गिल मॅकआयव्हर यांना 1992 च्या अभ्यासात आढळलं, की ज्यांना हे काम मोलाचं वाटलं, त्यांच्यात पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण कमी होतं. नवं काही शिकायला मिळालं, ज्यांच्यासाठी राबतोय ती माणसं भेटली, की काम मोलाचं वाटायचं. काम नेमून देताना मात्र बऱ्याचदा एवढंच बघतात, की तास लवकर कुठे भरतील.