उपचाराआधी कागद: कर्करुग्णाच्या घरच्यांसाठी

नमस्कार श्रोतेहो.

बायोप्सीचा अहवाल कॅन्सरचा निघाला की घरातली माणसं पैशामागे धावतात. दागिने गहाण पडतात, हातउसने घेतले जातात, रुग्णालयात रोख भरली जाते. ‘मदतीचं बघू सावकाश’ असं म्हणत महिना जातो, आणि मग कळतं की भरलेल्या पैशाची पावती दाखवून बहुतेक योजनांतून काहीच परत मिळत नाही. या योजना पैसे रुग्णाच्या हाती देत नाहीत, ते रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि तेही आधी मंजुरी घेतली असेल तरच. म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी काय करायचं, ते आज सांगतो.

पहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती, आता पांढरं कार्डही चालतं. घरातल्या माणसाचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेत रुग्णाला मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे अहवाल घेऊन आधी तिथे जा. रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं आणि ती आल्यावर उपचार सुरू होतात. चौकशीचा क्रमांक १५५३८८. पुन्हा सांगतो, १५५३८८.

अडतं कुठे? सर्वांत जास्त नावात. आधारवर ‘सुमनबाई’ आणि रेशनकार्डावर ‘सुमन’, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. दुसरं, रुग्णालय योजनेत असतं पण कॅन्सरच्या उपचारांसाठी नसतं. म्हणून ‘योजना आहे का’ एवढंच विचारू नका. ‘या आजाराची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, तिन्ही इथे योजनेत होतील का’ असं विचारा. तिसरं, उपचार ठरलेल्या पॅकेजनुसार मिळतात. काही महागडी नवी औषधं त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी पुढची दारं ठोठवावी लागतात.

त्या दारांची किल्ली म्हणजे खर्चाचं अंदाजपत्रक. डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का असलेलं. ते एकट्या शस्त्रक्रियेचं घेऊ नका, संपूर्ण उपचारांचं मागा. केमोची किती चक्रं, रेडिएशन आहे का, औषधांचा खर्च किती, सगळं त्यात हवं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाला हे अंदाजपत्रक लागतं, आणि रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणनही. सोबत तहसीलदारांचा चालू वर्षाचा, १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि अहवाल. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून बायोप्सीचा अहवाल येण्याची वाट न पाहता सेतू केंद्रात अर्ज टाका.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना, आणि त्यांत मोठी नावाजलेली खासगी रुग्णालयंही आहेत, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्याच लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठी बाजूला ठेवावी लागते. हे उपकार नाहीत, कायद्याने ठरलेलं आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘खाट नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं, तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात जा.

मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणार असाल, तर नोंदणीच्या वेळीच जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. पैशाची ओढाताण असेल तर जनरलच सांगा. गर्दी पाहून घाईत प्रायव्हेट घेतलं की पुढचा सगळा खर्च वाढत जातो. तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात ट्रस्टांची मदत आणि राहण्याची सोय, दोन्हींची माहिती मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, ही नावं लिहून ठेवा. लहान मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत विनामूल्य राहता येतं, पण तेही रुग्णालयाच्या शिफारशीनेच. मात्र प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शीला, नागपूरला कर्करोगाची रुग्णालयं आहेत, आणि केमो घराजवळ होत असेल तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचतो.

प्रवासाचं म्हणाल, तर उपचारासाठी जाता-येताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये कर्करुग्णाचं भाडं पूर्ण माफ आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. रुग्णालयाने भरून दिलेला ठरावीक नमुन्यातला दाखला खिडकीवर दाखवायचा.

घर चालवणाराच आजारी पडला असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करुग्णही बसतो. उत्पन्नाची अट कडक आहे, वर्षाला २१ हजारांच्या आत, तरी तहसील कार्यालयात विचारा.

आणि आज घरी एवढं करा: रेशनकार्ड काढून रुग्णाचं नाव त्यावर आहे का आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते बघा. जुळत नसेल तर उद्याच तहसीलच्या पुरवठा शाखेत जा.

नमस्कार.